वाचक विचारतात: स्टेम सेलपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, गाडी नक्की कुठवर आलीये?

डायबेटीस आणि स्टेम सेल (म्हणजे जिच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशी मूळ पेशी) या विषयावर यावेळी इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे विषय बाजूला ठेवून अख्खा कॉलम यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून टाइप १. रोज कुणीतरी व्हिडिओ पाठवतं की स्टेम सेलने डायबेटीस कायमचा बरा झाला, आता इन्सुलिन बंद होणार. मी आशा ठेवू की नको? खरं काय ते स्पष्ट सांगा.

ताई, आशा ठेवा. हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाहीये, खरंच ठेवण्यासारखी आहे. फक्त नेमकी कशाची ठेवायची ते नीट समजून घेऊ, कारण त्या व्हिडिओंमधे अर्धी गोष्ट असते आणि उरलेली अर्धीच तुमच्या मुलीच्या बाबतीत महत्त्वाची आहे.

आधी चांगली बातमी. जून २०२५ मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे व्हर्टेक्स कंपनीच्या ट्रायलचे रिझल्ट आले. त्या उपचाराचं नाव झिमिस्लेसेल, आधी व्हीएक्स-८८० म्हणायचे. भ्रूणाच्या स्टेम सेलपासून लॅबमधे बनवलेल्या पेशी, म्हणजे फक्त इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच नाही तर स्वादुपिंडातल्या छोट्या बेटांमधे असतात तशा सगळ्या जोडीदार पेशींसकट, एका नळीतून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत सोडल्या. पोट फाडून मोठं ऑपरेशन वगैरे काही नाही. पूर्ण डोस मिळालेले १२ जण होते, त्या १२ च्या १२ जणांच्या शरीरात पुन्हा इन्सुलिन बनायला लागलं, एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, सगळ्यांची ७ टक्क्यांच्या खाली आली, आणि वर्ष झालं तेव्हा त्यातले १० जण इन्सुलिन अजिबात घेत नव्हते. हे सगळे असे लोक होते ज्यांची शुगर लो होतेय हे त्यांना स्वतःला कळायचंच नाही, थेट बेशुद्ध पडायचे, दुसऱ्याने येऊन वाचवायचं. पहिल्या तीन महिन्यांनंतर वर्ष होईपर्यंत त्यांच्यातल्या एकालाही तसा गंभीर लो आला नाही. मला विचाराल तर इन्सुलिन सुटण्यापेक्षा हे मोठं आहे, कारण रात्री झोपताना "सकाळी उठेन ना" ही भीती ज्या घरात असते त्यांनाच कळतं ती जाणं म्हणजे काय.

आता उरलेली अर्धी. या सगळ्यांना इम्युनिटी दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, पेशी टिकवायच्या असतील तोपर्यंत. किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांना देतात त्याच जातीची. त्यांनी इन्फेक्शनचा धोका वाढतो, काही औषधं किडनीवरच परिणाम करतात, वर्षानुवर्षं घेतली तर काही कॅन्सरची शक्यताही वाढते. ट्रायलमधे एकूण १४ जण होते आणि त्यातले दोघं वारले, एक मेंदूच्या बुरशीच्या इन्फेक्शनने, आणि दुसऱ्याला आधीपासून मेंदूचा त्रास होता तो बळावून. तसलं बुरशीचं इन्फेक्शन हे इम्युनिटी दाबलेल्या माणसाला गाठणारंच इन्फेक्शन आहे. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

म्हणून आज नऊ वर्षांच्या मुलीला, जिची शुगर इन्सुलिनवर सांभाळली जातेय, तिला हा उपचार कुणी देणारही नाही आणि देऊही नये. ट्रायल १८ च्या पुढच्यांसाठीच होती. तिच्यासाठी आशा आहे ती याच्या पुढच्या पायरीची, म्हणजे तशाच पेशी पण ती औषधं न घेता. त्यावर काम चालूये, खाली तिसऱ्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय ते जरूर वाचा. आणि कुणी काहीही पाठवलं तरी तिच्या इन्सुलिनचा एकही डोस कमी करू नका, टाइप १ मधे इन्सुलिन थांबलं की एक-दोन दिवसात रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून जीवावर बेततं.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. स्टेम सेलला कसं कळतं की आपण बीटा पेशी व्हायचंय? लॅबमधे नेमकं करतात काय?

मस्त प्रश्न, आणि यात मला स्वतःला सगळ्यात जास्त रस आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

स्वादुपिंडाचं मुख्य काम पचनाचे रस बनवणं. त्याच्यात मधे मधे पेशींची छोटी छोटी बेटं असतात, पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ मधे ती पहिल्यांदा टिपली म्हणून त्यांना त्याचंच नाव. अशी साधारण दहा लाख बेटं असतात पण सगळी मिळून स्वादुपिंडाचा एक-दोन टक्केच भाग. त्यात बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकॅगॉन म्हणजे शुगर वर आणणारं हार्मोन, डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन. टाइप १ मधे आपलीच इम्युनिटी बीटा पेशींना शत्रू समजून मारते, बाकीच्यांना हात लावत नाही.

आता आईच्या पोटात बाळ वाढताना एका गर्भपेशीपासून बीटा पेशी होईपर्यंत मधे बरेच टप्पे येतात, आणि प्रत्येक टप्प्याला आजूबाजूने ठराविक केमिकल सिग्नल मिळतात. लॅबमधे तोच प्रवास डिशमधे करून घ्यायचा असतो, शॉर्टकट नाही. पहिल्यांदा स्टेम सेलला ॲक्टिव्हिन नावाचं प्रोटीन देऊन आतल्या थराची पेशी बनवायची, म्हणजे ज्या थरापासून पुढे आतडं, यकृत, फुफ्फुसं, स्वादुपिंड हे सगळं होतं. मग तिला आतड्याच्या नळीकडे वळवायचं, मग स्वादुपिंडाकडे, तिथे पीडीएक्स१ आणि एनकेएक्स६.१ असे जीन चालू झालेत का ते तपासायचं, मग हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या वाटेला लावायचं, आणि शेवटी परिपक्व करायचं. असे सहाएक टप्पे, चार-पाच आठवडे लागतात. एखादा सिग्नल एक दिवस उशिरा दिला किंवा जास्त वेळ ठेवला तरी पेशी भलतीकडेच जातात, यकृताच्या होतील नाहीतर नुसत्याच अर्धवट राहतील.

आणि खरी परीक्षा इन्सुलिन बनवण्याची नाहीच, ती वेळेवर सोडण्याची आहे. सुरुवातीला बऱ्याच लॅबमधे अशा पेशी मिळाल्या ज्यांच्यात इन्सुलिन होतं पण ग्लुकोज वाढलं काय कमी झालं काय त्यांना फरकच पडत नव्हता, काहींच्यात इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन दोन्ही एकाच पेशीत. असली पेशी शरीरात घातली तर काय उपयोग? बीटा पेशीने शुगर वाढली की सोडलं पाहिजे आणि खाली आली की थांबलं पाहिजे.

हे २०१४ मधे जमलं. हार्वर्डचे डग्लस मेल्टन, आणि त्याच सुमारास कॅनडात टिमथी कीफर ज्यात होते तो ग्रुप, दोघांनीही ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने बनवून दाखवल्या. मेल्टन मुळात बेडकाच्या भ्रूणावर काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या मुलाला तान्हा असतानाच टाइप १ निघाला आणि त्यांनी सगळं रिसर्च तिकडे वळवलं, पुढे मुलीलाही झाला. १९९८ मधे जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणाच्या स्टेम सेल वेगळ्या केल्या तेव्हा कुठे त्यांना कच्चा माल मिळाला, म्हणजे तिथून २०१४ म्हणजे सोळा वर्षं, निव्वळ कुठला सिग्नल कधी किती हे शोधण्यात. त्यांनी काढलेल्या कंपनीचं नाव सेम्मा, मुलगा सॅम आणि मुलगी एमा यांच्या नावांवरून. ती २०१९ मधे व्हर्टेक्सने घेतली आणि वरच्या उत्तरातली ट्रायल तिथून आलीये.

अजून एक, भ्रूणाची पेशीच लागते असंही आता नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ मधे उंदराच्या आणि २००७ मधे माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशीला चार जीन देऊन परत स्टेम सेलसारखं केलं, त्याला आयपीएस पेशी म्हणतात, २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळून. मोठेपणी या क्षेत्रात यायचा विचार असेल तर डेव्हलपमेंटल बायोलॉजी मनापासून वाच, हे सगळं त्यातूनच आलंय.

प्रश्न: मग पेशंटच्या स्वतःच्याच त्वचेपासून वा रक्तापासून पेशी बनवल्या तर रिजेक्ट होणारच नाहीत ना? मग ती औषधं कशाला?

हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय आणि लॉजिक बरोबर वाटतं, पण टाइप १ मधे घोटाळा असा आहे की इथे इम्युनिटी परक्या पेशींना मारत नाहीये, आपल्याच बीटा पेशींना मारतेय. स्वतःच्या बनवून घातल्या तरी तिला त्या ओळखीच्याच आहेत.

याचा पुरावा स्टेम सेलच्याही आधीचा आहे. १९८० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात हुबेहूब जुळ्या भावंडांमधे स्वादुपिंडाचा तुकडा ट्रान्सप्लांट केला होता, एकाला डायबेटीस आणि दुसऱ्याला नाही. जुळे असल्यामुळे रिजेक्शनचा प्रश्नच नाही म्हणून इम्युनिटीची औषधं दिली नाहीत. नवा तुकडा परका म्हणून रिजेक्ट झाला नाही, पण त्यातल्या बीटा पेशी काही आठवड्यात नष्ट झाल्या, आणि फक्त बीटाच. आजाराने इतक्या वर्षांनी येऊन परत तेच केलं. मला तरी वाटतं या अख्ख्या विषयात एकच प्रयोग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा.

चीनमधल्या तियानजिनची बातमी तुम्ही वाचली असेल, २५ वर्षांची टाइप १ ची पेशंट, तिच्याच चरबीतल्या पेशींना नुसत्या केमिकलने स्टेम सेल केलं, त्यापासून बेटं बनवून जून २०२३ मधे पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवली, ७५ दिवसांनी इन्सुलिन बंद आणि वर्षभरानंतरही बंदच. पेकिंग विद्यापीठाच्या देंग होंगकुई यांचा ग्रुप. खूप सुंदर काम आहे. पण तिचं आधी यकृताचं ट्रान्सप्लांट झालेलं होतं त्यामुळे इम्युनिटीची औषधं तिला चालूच होती, म्हणून स्वतःच्या पेशी औषधांशिवाय टिकल्या असत्या का हे त्या केसवरून म्हणता येत नाही. बातम्यांमधे हे वाक्य शेवटी कुठेतरी असतं नाहीतर नसतंच.

मग औषधांशिवाय कसं करायचं? दोन वाटा.

एक म्हणजे पेशी डबीत बंद करायच्या. अशी पातळ पिशवी की जिच्या छिद्रांतून ग्लुकोज, ऑक्सिजन आत जाईल, इन्सुलिन बाहेर येईल पण इम्युनिटीच्या पेशी आत शिरणार नाहीत. कागदावर एकदम फिट्ट. व्हायासाइट कंपनीने २०१४ मधे माणसांवर ट्रायल सुरू केली पण शरीर त्या पिशवीभोवती जाड चट्ट्यासारखं आवरण तयार करतं, रक्तवाहिन्या जवळ येत नाहीत आणि बीटा पेशी ऑक्सिजनला फार भुकेल्या असतात, गुदमरून मरतात. व्हर्टेक्सनेही स्वतःची पिशवीवाली ट्रायल केली, मार्च २०२५ मधे पुरेसं इन्सुलिन बनत नाही म्हणून थांबवली. ही वाट संपली असं मी म्हणणार नाही पण सध्या अडलीये.

दुसरी वाट म्हणजे पेशींचेच जीन एडिट करायचे. पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची ओळखपत्रं असतात, ती काढून टाकली की इम्युनिटीच्या टी पेशींना ती पेशी दिसत नाही. पण मग दुसरे पहारेकरी, एनके पेशी, ओळखपत्र नाही म्हणूनच मारतात, त्यामुळे जोडीला सीडी४७ नावाचं "मला खाऊ नका" सांगणारं प्रोटीन जास्त प्रमाणात लावायचं. सॅना बायोटेक्नॉलॉजी कंपनी आणि स्वीडनमधलं उप्साला विद्यापीठाचं हॉस्पिटल यांनी अशा पेशी डिसेंबर २०२४ मधे टाइप १ च्या एका पेशंटच्या हाताच्या स्नायूत टोचल्या, एकही इम्युनिटीचं औषध न देता, आणि २०२५ मधे रिझल्ट छापले. पेशी जिवंत, इन्सुलिन बनवतायत. त्यातली खरी मजा ही की टोचलेल्या मिश्रणात काही पेशी पूर्ण एडिट झालेल्या होत्या, काही अर्धवट, काही मुळीच नाही, आणि इम्युनिटीने शेवटच्या दोन्ही प्रकारांवर हल्ला केला, पूर्ण एडिट झालेल्यांना सोडून दिलं. एकाच माणसाच्या एकाच हातात तुलना झाली! डोस मुद्दाम छोटा होता, पेशंट इन्सुलिन घेतोच आहे, आणि त्या पेशी मृत दात्याच्या होत्या, स्टेम सेलच्या नव्हत्या. आता तेच एडिटिंग स्टेम सेलमधे करून भरपूर पेशी बनवायच्या हे पुढचं काम.

यात माझी एक काळजी आहे ती पण सांगते. स्टेम सेलपासून बनवताना एखादी पेशी अर्धवट राहून गेली तर तिची गाठ होऊ शकते, आणि इम्युनिटीपासून लपवलेल्या पेशीची गाठ झाली तर इम्युनिटी ती पकडणार कशी? म्हणून या पेशींची शुद्धता आणि लागलीच तर त्या नष्ट करायची सोय, यावर घाई न करता काम व्हायला हवं, कितीही वाट बघायला लागली तरी.

प्रश्न: मृत दात्यांची बेटं आधीपासून देतात ना, मग स्टेम सेलचा एवढा खटाटोप का?

देतात. कॅनडात एडमंटनला जेम्स शापिरो यांच्या टीमने ७ पेशंटना ती दिली आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं, हे २००० मधे छापून आलं, तिथूनच पेशी देऊन हा आजार हटवता येतो हे पक्कं झालं. पण एका पेशंटला बऱ्याचदा दोन किंवा जास्त दात्यांची स्वादुपिंडं लागतात, यकृतात सोडल्या सोडल्याच रक्ताशी रिॲक्शन होऊन बरीचशी बेटं मरतात, आणि पाच वर्षांनी पाहिलं तर इन्सुलिनशिवाय राहिलेले साधारण दहा टक्केच होते (तंत्र नंतर सुधारलंय). जगात टाइप १ चे लाखो पेशंट, दाते मूठभर. स्टेम सेलची एक लाइन हवी तेवढी वाढवता येते, प्रत्येक बॅच तपासता येते. खटाटोप त्यासाठी.

प्रश्न: एका क्लिनिकने वडिलांना सांगितलं की त्यांच्याच चरबीतून स्टेम सेल काढून शिरेतून देऊ, तीन सिटिंगमधे शुगर नॉर्मल. वडील टाइप २, इन्सुलिनवर. करू का?

नका करू. चरबीतून काढून तशाच शिरेत सोडलेल्या पेशी बीटा पेशी होत नाहीत. वर बारावीच्या मुलाला लिहिलंय ते वाचा, महिनाभर लॅबमधे सहा टप्पे पार करावे लागतात, ते शरीरात आपोआप होत नाही. खऱ्या ट्रायलमधे उपचाराचे पैसे सहसा घेत नाहीत, सरकारी रजिस्ट्रीत तिचा नंबर असतो, एथिक्स कमिटीची परवानगी असते, धोके लिहिलेला संमतीपत्राचा कागद घरी नेऊन वाचायला देतात. हे चारही मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

टाइप २ बद्दल, त्यात मूळ भानगड बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही ही असते आणि बीटा पेशी नंतर थकतात, त्यामुळे नुसत्या पेशी घालून सगळं सुटत नाही. शांघायमधे ५९ वर्षांच्या टाइप २ च्या एका पेशंटला स्वतःच्या पेशींपासून बनवलेली बेटं देऊन इन्सुलिन सुटल्याचं २०२४ मधे छापून आलंय, पण ती एक केस आहे आणि त्यांचंही आधी किडनी ट्रान्सप्लांट झालेलं होतं. वडिलांसाठी आज वजन, गोळ्या, नवीन इंजेक्शनं यातच भरपूर करण्यासारखं आहे, त्यांच्या डॉक्टरांशी तेच बोला.

प्रश्न: बाळाच्या नाळेचं रक्त साठवून ठेवलंय. पुढे डायबेटीस झाला तर कामाला येईल?

यासाठी नाही. नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल रक्तपेशी बनवणाऱ्या असतात, रक्ताच्या आजारांत त्यांचा खरा उपयोग आहे. टाइप १ झालेल्या मुलांना स्वतःचं साठवलेलं नाळेचं रक्त देऊन फ्लोरिडात पाहिलं होतं, त्याने बीटा पेशी वाचल्या नाहीत.

प्रश्न: मला तीस वर्षं झाली टाइप १ होऊन. सी-पेप्टाइड शून्य आलंय. माझ्यासाठी आता उशीर झाला ना?

नाही हो, उलट. सी-पेप्टाइड म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा बरोबरीने सुटणारा तुकडा, बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमधे तो नसतो, म्हणून तुमचं स्वतःचं किती बनतंय ते त्यावरून कळतं. झिमिस्लेसेलच्या ट्रायलमधे घेतलेल्या सगळ्यांचंच ते सुरुवातीला शून्य होतं आणि किमान पाच वर्षं आजार असणं ही तर अटच होती. पेशी बाहेरून येणार आहेत, तुमच्या उरल्यात की नाही याने फरक पडत नाही. लक्षणं दिसायच्या आधीच निदान झालेल्यांसाठी टेप्लिझुमॅबसारखं औषध आहे जे आजार सुरू व्हायचाच साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं, ते मात्र तुमच्या उपयोगाचं नाही.

तुमच्यासाठी बघायचं ते वेगळंच आहे. इम्युनिटीची जी औषधं आज लागतात त्यातली मुख्य किडनीवर भार टाकतात, त्यामुळे असा उपचार देताना डॉक्टर सगळ्यात आधी किडनी किती चांगली आहे ते बघतात. तीस वर्षांच्या डायबेटीसमधे क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तरी झालंच पाहिजे, डोळ्यांचा पडदाही. आणि शुगर लो झालेली तुम्हाला कळत नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, बरेच जण सांगतच नाहीत, सवय झालेली असते. सेन्सर लावून अलार्म ठेवला तर काही लोकांना ती जाणीव परतही येते, आणि नाहीच आली तर आज ज्या पेशंटना हा उपचार मिळतोय ते नेमके तुमच्यासारखेच आहेत.